कळमजाईच्या माथी मोटरीचं खापर

मोटर बंद पडली की शहाणा माणूस आधी प्लग काढतो. खडकदऱ्याच्या लोकांनी आधी बाई काढायची ठरवली. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, तिथे हजर होते. दोन महिने होऊन गेले तरी डोकं शांत होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

बाईचं नाव बायडाबाई. वय विचारलं तर म्हणते, "पानी आलं तवा मी धा वर्साची व्हते." पाणी म्हणजे धरणाचं. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगर एकमेकांना खेटून उभे राहतात तिथे, जी गावं बुडाली त्यांतलं जुनं खडकदरे हे एक. माणसं उठून वर टेकाडावर आली, त्याचं नवं खडकदरे झालं. कळमजाईचा तांदळा, म्हणजे देवीचा तो गोल शेंदरी दगड, लोकांनी डोक्यावर घेऊन वर आणला आणि नवं देऊळ बांधलं. जुनं देऊळ खालीच राहिलं. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याच्या भिंतींचे माथे दिसतात, जुलैत पुन्हा बुडतात. त्या जागेवरून बोट गेली की बायका चिमूटभर कुंकू पाण्यात सोडतात. बायडाबाईसुद्धा सोडते, एक हात सुकाणूवर ठेवून.

नव्या खडकदऱ्याहून घोडेगावला यायला दोन वाटा. एक डोंगराला वळसा घालून, बावीस किलोमीटर, आणि पावसाळ्यात दरड पडली की तीही बंद. दुसरी बोटीची. बोटीने सोळा-सतरा मिनिटांत अलीकडचा धक्का, तिथून जीप. शाळेची पोरं, दुधाचे कॅन, हिरड्याची पोती, दवाखान्यात न्यायची माणसं, सगळं त्या एका बोटीतून येतं-जातं. पंधरा माणसांची फायबरची बोट आणि तिच्या मागे टांगलेली जुनी टू-स्ट्रोक मोटर. कुठल्याशा योजनेतून मिळालेली. मिळाली तेव्हाच जुनी होती. सोबत लाइफ जॅकेटं येणार होती. विचारायला गेलं की 'मागणी वर पाठवलेली आहे' असं सांगतात. पाठवल्याला वीसहून जास्त वर्षं झाली. एवढा वेळ डोंगर चढून वर जायलाही लागत नाही.

ही बोट आधी बायडाबाईचा नवरा बहिरू चालवायचा. त्या मोटरीला बटण नाही, दोरी आहे. ती झटक्याने ओढायची, खांद्यातून. वीस वर्षं ओढून बहिरूचा उजवा खांदा निकामी झाला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरने दोरी बंद सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोरं दप्तरं घेऊन उभी आणि बहिरू दोरीकडे बघत उभा. बायडाबाईने पदर खोचला आणि दोरी ओढली. चौथ्या झटक्याला मोटर लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याला चार वर्षं झाली. तेव्हा कुणाला देवी आठवली नव्हती. गावाची बोट एक दिवसही बंद पडली नाही म्हणून सगळे खूश होते.

माझं घोडेगावात पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. पुढे यजमानही गेले, आणि पुण्याला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेली सून काउंटरवर बसली. मारवाड्याची सून बेअरिंगचा नंबर तोंडपाठ सांगते म्हणून सुरुवातीला लोक मुद्दाम बघायला यायचे. त्यामुळे चार वर्षांपूर्वी बायडाबाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा गिऱ्हाइकं तिच्याकडे कशी बघतायत ते मला ओळखीचं होतं. तिने पदराच्या गाठीतून काळा झालेला प्लग काढला आणि काउंटरवर ठेवला.

"कंचनबाई, ह्याचा भाऊ द्या."

"नंबर काय?"

"त्याच्या अंगावर लिवलाय की. मला बारीक दिसत न्हाई."

मी नवा दिला. तिने तो उजेडात धरला, जुना शेजारी धरला आणि विचारलं, "ह्यो मेला कशानं?"

चाळीस वर्षांत एकाही पुरुष गिऱ्हाइकाने मला हा प्रश्न विचारलेला नाही. त्यांना नवा भाग हवा असतो आणि घाई असते. मी सांगितलं, "पेट्रोलात ऑइल जास्त पडलंय, म्हणून काजळी धरली."

"मंग बराबर. काल मिश्रन गावच्या त्या पोरानं, सूरजनं केलं व्हतं. त्याला वाटतं, तेल जास्ती घातलं का भजी बरी व्हतात."

तेव्हापासून दर वेळी हाच प्रश्न. ह्यो मेला कशानं? चौथी शिकलेली ही बाई. मोटरीतलं जेवढं तिला कळतं त्यातलं निम्मं तिने मेलेल्या भागांकडून शिकून घेतलं आणि निम्मं बहिरूकडून. बहिरू धक्क्यावर दगडावर बसून आवाज ऐकायचा आणि बोट लागली की सांगायचा, "आज ती खोकत व्हती. पेट्रोलात पानी आलंय का बघ."

आता मूळ गोष्टीवर येते.

यंदा खंडेनवमीला गावाने बोटीची पूजा केली. दर वर्षी करतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्हीही दुकानात तराजूला आणि पान्यांना हळदकुंकू लावतो. यंदा पूजेला बसले बोट समितीचे अध्यक्ष, रखमाजी तात्या. यांनी नारळ फोडला, मोटरीला हार घातला, आणि भक्ती उतू गेली म्हणून तेलात कालवलेला शेंदूर घेऊन पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला जाड थापला. का, तर झाकण गोल आहे, मधे फुगीर आहे, तांदळ्यासारखं दिसतं. सगळ्यांनी हात जोडले. बायडाबाईनेही जोडले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळची पहिली खेप निघाली. सात-आठ मिनिटं मोटर छान चालली आणि पाण्याच्या मधोमध, अगदी बुडालेल्या देवळावर, बंद पडली.

दोरी ओढली, लागेना. कुणीतरी झाकण उघडून पेट्रोल आहे का बघितलं. होतं, काठोकाठ. तेवढ्यात पिशवीतल्या नारळांतला एक म्हाताऱ्या गेणभाऊंनी बोटीच्या कडेवर फोडला, पाणी देवीला सोडलं. बायडाबाईने पुन्हा दोरी ओढली. मोटर लागली! बोट पलीकडे पोचली, तिथे टाकी पुन्हा काठोकाठ भरली. परतताना पुन्हा देवळावर बंद. पुन्हा नारळ, पुन्हा चालू.

झालं. दुसऱ्या दिवसापासून खडकदऱ्याचे लोक बोटीत चढताना तिकिटासारखा नारळ घेऊन चढू लागले. मोटर देवळावर बंद पडायची, एक जण पेट्रोल बघायचा, दुसरा नारळ फोडायचा, आणि मोटर चालू व्हायची. तीन दिवसांत गावात ठरलं की देवी अडवते. पाचव्या दिवशी ठरलं की का अडवते. सुकाणूवर बाई बसते म्हणून. चार वर्षं बसत होती तेव्हा देवी बहुधा गावाला गेली असावी.

बायडाबाई दुकानात आली तेव्हा तोंड बारीक झालं होतं. मी दोन प्लग दिले. दोन दिवसांनी पुन्हा आली, मी फ्युएल फिल्टर दिला. नंतर पंपाचा पडदा दिला. मलाही काही उमजत नव्हतं आणि मी एकामागून एक भाग विकत होते, हे इथे कबूल करून ठेवते. फिजिक्सची पदवी माळ्यावर ट्रंकेत आहे, त्या आठवड्यात मीही तिथेच होते म्हणा.

"हे बघ," मी म्हटलं, "सूरजच्या हातात दे आठ दिवस. मोटर त्याच्याही हातात बंद पडली की तोंडं बंद होतील."

सूरज हा रखमाजी तात्यांचा पुतण्या. बारावी होऊन घरी बसलेला, बोटीवर डोळा ठेवून.

"त्याच्या हातात बंद पडली तर म्हनतील, बाईनं मोटर बाटवून ठेवली," ती म्हणाली. "कंचनबाई, काम गेलं तर जाऊ द्या. मी खुरपायला जाईन. पर देवीनं हिला उठवली, ह्ये नाव लागलं तर ते कशानं पुसू? माजी सून उद्या पानी भराया गेली तरी बायका तेच बोलतील."

समितीने मग मोठ्या गावाकडचा एक मेकॅनिक आणला. नाव आदेश. गॉगल, जीन्स, हातात दोन मोबाइल. धक्क्यावर टिपाडात पाणी भरून त्याने मोटर त्यात लावली. स्वतःच्या उघड्या कॅनमधलं पेट्रोल नळीने जोडलं. मोटर अर्धा तास चालली. चाळीस मिनिटं चालली. एकदाही अडखळली नाही. त्याने हात पुसले आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "मोटर एक नंबर आहे. चालवणाऱ्याचा प्रॉब्लेम आहे. लेडीजला थ्रॉटलचा अंदाज येत नाही ना."

एवढं बोलून गाडीवर टांग टाकून गेला. बोटीत बसून एक खेप मारायची तसदी घेतली नाही. ज्याला पोहता येत नाही त्याला हौदातून बाहेर काढून, गादीवर झोपवून, हातपाय तर छान हलतायत म्हणून सांगण्यातला हा प्रकार! पण त्याच्या नावापुढे मेकॅनिक होतं आणि तो गडी होता, त्यामुळे देवीने जे सांगितलं त्यावर शिक्का बसला. समितीची बैठक शुक्रवारी ठरली. विषय एकच: सुकाणू सूरजकडे देणे.

बैठकीच्या आदल्या दिवशी बायडाबाई दुकानात आली ती कार्बोरेटर घ्यायला. साठवलेले पैसे रुमालात बांधून आणले होते. मी खोका काढून काउंटरवर ठेवला. तेवढ्यात बाजूला आमचा कामाचा माणूस, हौशीराम, ऑइलचा नवा डबा फोडून गिऱ्हाइकाला सुटं ऑइल देत होता. दहा वर्षं दुकानात आहे आणि दहा वर्षं एकच चूक करतो. डब्याला एकच भोक पाडलं आणि डबा उलटा धरला. गुळूक, गुळूक, आणि धार बंद. हा डबा हलवतोय, थापटा मारतोय.

"अरे हौशीराम," मी ओरडले, "दुसरं भोक कोण पाडणार, मी? आत हवा गेल्याशिवाय तेल बाहेर येईल का!"

त्याने खिळा घेऊन दुसऱ्या कडेला भोक पाडलं, धार सुरू झाली. मी बायडाबाईकडे वळले तर ती डब्याकडे बघत उभी. तोंड थोडं उघडं.

"पॅक करू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या."

"का? नको?"

"ऱ्हाऊ द्या, कंचनबाई," म्हणून तिने रुमाल परत कमरेला खोचला. "उद्या तुमी येता का आमच्या गावाला? शिकलेलं कुनीतरी पायजे, बघायला."

मला राग आला होता, खरं सांगते. गिऱ्हाईक खोका उघडायला लावून परत जातं तेव्हा मला नेहमीच येतो. पण शुक्रवारी सकाळी दुकान हौशीरामवर टाकून मी जीपने धक्क्यावर गेले.

अलीकडच्या धक्क्यावर बोट उभी होती. समितीचे लोक घोडेगावहून परतत होते म्हणून बैठक बोटीतूनच गावात जाणार होती. रखमाजी तात्या पांढऱ्या टोपीत, सूरज नव्या शर्टात, गेणभाऊ नारळाची पिशवी मांडीवर घेऊन, आणखी दोघे. बहिरू धक्क्यावर त्याच्या दगडावर बसलेला. मला बघून तो म्हणाला, "बाई, आज कान देऊन बसलोय." 

बायडाबाईने टाकी भरली, झाकण लावलं, आणि मोटर चालू करण्याआधी हात जोडून म्हणाली, "तात्या, आजची शेवटची खेप म्हना हवं तर. एकच मागनं हाय. मोटर बंद पडंल तवा तुमी नारळ फोडायचा. पाहिजे तेवढे फोडा. पर टाकीच्या झाकनाला कोनी हात लावायचा न्हाई."

"का गं?" तात्यांनी भुवया चढवल्या.

"देवीचं काम चालू असताना मधे मानसाचा हात कशाला?"

 तात्या स्वतःच्या भक्तीत स्वतःच अडकले.

बोट निघाली. पाणी शांत होतं, वारा नुकताच उठत होता. मी टाकीजवळ बसले होते. टाकीपासून मोटरीकडे जाणाऱ्या नळीत मधे एक रबरी फुगा असतो, पेट्रोल ओढून घ्यायला सुरुवातीला तो हाताने दाबतात. बायडाबाईने मला डोळ्याने तो दाखवला. पाचव्या मिनिटाला त्या फुग्याच्या बाजू आत ओढल्या गेल्या. सहाव्या मिनिटाला तो चपटा झाला, पोळीला भोक पडल्यासारखा. सातव्या मिनिटाला, देवळावर, मोटर दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मला तेव्हा कळलं. आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

"देवी!" गेणभाऊंनी हात जोडले.

तात्यांनी नारळ घेतला, फोडला, पाणी सोडलं. सूरजचा हात सवयीने टाकीकडे गेला. बायडाबाईने झाकणावर स्वतःचा तळहात ठेवला.

"सूरज, तू दोरी वड. गडीमानूस हाइस, थ्रॉटलचा अंदाज हाय तुला."

सूरजने दोरी ओढली. एकदा, पाचदा, बारा वेळा. शर्ट पाठीला चिकटला. मोटर ढिम्म.

"दुसरा फोडा, तात्या."

दुसरा फुटला. सूरजने पुन्हा ओढली. काही नाही. तिसरा फुटला. खोबऱ्याचे तुकडे पाण्यावर तरंगू लागले आणि मासे येऊन त्यांना ठोसे मारू लागले. वाऱ्याने बोट हळूहळू आडवी होत होती. बोटीत वल्हं एकच, तेही चिरलेलं. पिशवी रिकामी झाली.

"आज देवी लईच रागावलीय," तात्या म्हणाले. आवाजात जोर राहिला नव्हता.

बायडाबाई सुकाणूशेजारी टेकून बसली होती. भाजी निवडायला बसावं तशी. "तात्या, एक सांगा. सकाळी टाकी भरलेली असती, तवा मोटर बराबर देवळावर बंद पडती. सांजच्याला टाकी अर्धी असती, तवा बोट देऊळ वलांडून पार त्या उंबराच्या टोकापातूर जाती आनि मंग बंद पडती. चौदा दिस बघतीया मी. देवी काय सांजच्याला फिराया जाती व्हय?"

 गेणभाऊ हळूच म्हणाले, "आरं, खरं हाय. काल सांजच्याला उंबरापाशीच नारळ फोडला मी."

"आनि तुमी नारळ फोडता तवा दर खेपंला कोनीतरी झाकान उघडून पेट्रोल बघतं. आज कोनी बघितलं न्हाई. तीन नारळ गेले, लागली का?"

मग तिने झाकणावरचा हात काढला. तो शेंदूर दोन आठवड्यांत वाळून लादीसारखा घट्ट झाला होता. "ह्या झाकनाला हवेसाठी बारीक भोक असतंय. पेट्रोल बाहेर जाईल तशी त्यातनं हवा आत जाती. कंचनबाईच्या दुकानातल्या तेलाच्या डब्यासारखं. एकच भोक पाडलं तर धार बंद. खंडेनवमीला त्या भोकावर शेंदूर कुनी थापला, तात्या?"

मी आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "टाकी भरलेली असली की आत हवा थोडी, म्हणून लवकर कोंडते. अर्धी असली की हवा जास्त, म्हणून उशिरा. तुमच्या मेकॅनिकने उघड्या कॅनने चालवली म्हणून चालली. शाळेच्या पुस्तकात आहे हे. बाईने बिनपुस्तकाचं शोधलं, तुम्ही पाच गडी नारळ मोजत बसलात."

तात्यांनी टोपी सारखी केली. "लावला आसंल कुनीतरी. भक्तीनं लावला."

"भक्ती बरी हाय. पर दम कोंडला की तिचा." बायडाबाईने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन सोडवली आणि उघडून बोटांत धरली. "टोचू का?"

तात्या एकदम सरसावले. "देवीचा शेंदूर फोडतीस? चढवलेला शेंदूर खरवडत न्हाईत, बायडे! आपसूक सुटंल तवा सुटंल."

आणि हे त्यांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे तसंच मानतात. बायडाबाईसुद्धा मानते, म्हणूनच तिने गुरुवारी संध्याकाळी एकटीने जाऊन ते भोक मोकळं केलं नव्हतं. नाहीतर तिला कुणाची वाट बघायची काय गरज होती? मोटर गुपचूप नीट झाली असती आणि ठपका तसाच राहिला असता. वर शेंदूर फोडल्याचं आणखी एक नाव लागलं असतं.

"देवी वर गावात हाय, तात्या," ती म्हणाली. "ह्ये टाकीचं झाकान हाय. पर तुमी न्हाई म्हनता तर मी न्हाई टोचत. ह्ये घ्या वल्हं."

तिने खरंच चिरलेलं वल्हं तात्यांच्या मांडीवर ठेवलं. बोट आता पुरती आडवी झाली होती आणि कड्याच्या बाजूला सरकत होती. सूरज म्हणाला, "काका, टोचू द्या की." गेणभाऊ म्हणाले, "रखमाजी, मला दुपारची गोळी घ्यायची हाय."  मला पोहता येत नाही, हे त्या क्षणी मला फार नीट आठवत होतं; पण त्या माणसाला सोडवायला मी तोंड उघडणार नव्हते.

"टोच," तात्या म्हणाले.

"आधी बोला."

"काय बोलू?"

"शेंदूर मी थापला, मोटर त्यानं बंद पडली, बाईनं न्हाई. एवढंच."

मी पन्नास वर्षांत पुष्कळ पुढारी पाहिले. पाण्याच्या मधोमध, मांडीवर वल्हं घेऊन, असं वाक्य उच्चारायला एखाद्याला किती वेळ लागतो ते पहिल्यांदा पाहिलं. तात्यांनी डोंगराकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघायचं टाळलं. मग भराभर बोलून टाकलं, "शेंदूर मी थापला, मोटर त्यानं बंद पडली."

"आनि?"

"बाईनं न्हाई."

तिने झाकणाला आधी हात लावून नमस्कार केला आणि मग पिन टोचली. खरवडलं नाही, फक्त टोचली आणि फिरवली. सूं करून हवा आत गेली. लहान मुलाने रडणं थांबवून श्वास ओढावा तसा आवाज. माझ्या पायाशी तो चपटा फुगा हळूहळू गोल झाला. तिने तो चार वेळा दाबला, उठली, दोरी गुंडाळली आणि ओढली. दुसऱ्या झटक्याला मोटर लागली. लांब धक्क्यावर बहिरू दगडावरून उठून उभा राहिला, डावा हात वर करून.

गावात बैठक झाली. सूरजचा विषय कुणी काढला नाही. गेणभाऊंनी बोटीतली सगळी हकीकत पारावर आधीच सांगून टाकली होती, तात्यांच्या आवाजाची नक्कल करून. सुकाणू बायडाबाईकडेच राहिलं. आणि एवढं झाल्यावर इतिवृत्तात काय लिहावं? 'देवीच्या कृपेने व समितीच्या प्रयत्नांनी मोटरीतील दोष दूर झाला.' मी वाचलं आणि लिहिणाऱ्याच्या हातातून वही घेतली. म्हटलं, समितीने तीन नारळ फोडले, एवढाच प्रयत्न. दोष कुणी केला आणि कुणी काढला ते लिहा. तो म्हणाला, "बाई, तुम्ही बाहेरगावच्या." अडतीस किलो हिरडा दर वर्षी माझ्या ओट्यावर वाळत टाकतात तेव्हा मी बाहेरगावची नसते! वही तशीच राहिली. कुणी विचारलंच तर हे पान दाखवा.

परतीच्या खेपेला मी एकटीच होते. ऊन कलतं झालं होतं. टाकी अर्धी होती आणि मोटर देवळावरून न थांबता गेली. त्याच जागेवर बायडाबाईने पुडी काढली आणि चिमूटभर कुंकू पाण्यात सोडलं, रोजच्यासारखं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून? एवढं सगळं झाल्यावरही?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी एका भोकाचा डबा उलटा धरला आहे.

"तिनं काय केलतं, कंचनबाई? ती बिचारी खाली पान्यात. माजं नाव घेतलं तसंच तिचं घेतलं मानसांनी."

उंबराचं टोक मागे पडलं. तिने सुकाणू वळवलं आणि बोट बहिरूच्या दगडाकडे लावली.